भिवासोबत दोन जवान आणि चौकीला कुलूप

चौसाळ्याच्या ग्रामस्थांनो, चावडीवर लावलेला हा कागद वाचा आणि निरक्षरांना वाचून दाखवा.

आज सकाळी पोलीस चौकीतील दोन्ही जवान भ्रमिष्ट भिवाला दूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात पोचवण्यास गेले. चौकीला कुलूप लागले. दुपारी सखूबाईचा बैल चोरीस गेला. ती त्या कुलपासमोर रडत बसली आहे.

भिवाने आजवर कोणावर हात उगारलेला नाही. त्याच्या थोरल्या भावास, गणपतास, मी विचारले, "तू स्वतः का गेला नाहीस?"

"आबा, पेरणी हाय. मग सरकारचे जवान कशाला हायेत?"

हा निव्वळ निलाजरेपणा आहे.

सकाळी जवान दोरी बांधत असताना भिवाने स्वतःहून हात पुढे केले आणि गणपतास एवढेच विचारले, "दादा, तू बी येतूस ना?"

गणपत तिफण जुंपत राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर जवानांनी द्यायचे होते काय?