बाबांचा अंगठा आणि माझी अक्कल

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. माझ्या बापाच्या मयताला मी जे करून बसलो ते बंदरावर अजून सांगतात आणि हसतात. फक्त सुनी हसत नाही. सुनी म्हणजे माझी धाकटी बहीण, तलासरीला दिलेली. ती का हसत नाही ते शेवटी कळेल. चहा घ्या आधी, थंड होईल.

मी प्रशांत. डहाणू रोड स्टेशनबाहेर माझं छोटं दुकान आहे, मोबाईलचे कव्हर विकतो, स्क्रीनवर काच चिकटवून देतो. बस्स, एवढंच येतं मला! पण काच सरळ चिकटवणाऱ्या माणसाला मोबाईलमधलं सगळं कळतं असा आमच्या सगळ्या नातेवाइकांचा समज. आणि खोटं कशाला बोलू, माझाही तोच समज होता.

बाबा बोटीवर तांडेल. म्हणजे बोट त्यांच्या हुकुमानं चालायची, पण मोबाईल मात्र त्यांचा सगळ्या बंदराचा होता. हात कायम जाळ्यात नाहीतर माशात. फोन वाजला, कुणाला लावायचा झाला, की बाबा जो जवळ असेल त्याला ओरडून सांगायचे, "अरे, उघड ना तो! दोनावर चार टपल्या मार!"

झालं. हा पासवर्ड! दोनाचं बटण चार वेळा. बर्फवाल्याला माहीत, खलाशांना माहीत, सुकट घ्यायला येणाऱ्या गुजराती शेठाणीलाही माहीत. ती बिचारी स्वतः टपल्या मारून बाबांच्या कानाला फोन लावून द्यायची, "लो काका, बोलो."

माझा जीव खालीवर व्हायचा. अहो, दुकानात बसून मी लोकांना सुरक्षेवर भाषणं देतो आणि माझ्याच बापाचा फोन असा सार्वजनिक नळासारखा?

आता त्या फोनात होतं काय, ते सांगतो. आईचा आवाज होता.

बोट आत दर्यात गेली की रेंज नसते. आई इकडून व्हॉइस मेसेज पाठवत राहायची आणि बोट किनाऱ्याकडे वळली की ते सगळे एकदम धडाधड येऊन पडायचे. प्रेमाचे बोल वगैरे नाहीत हां! "अवो, गोळी घेतली का? नसंलच घेतली. मरा तिकडंच." "मोठं बोंबील बाजूला काढा, सुनीकडं पाठवायचं हायेत. खलाशांना वाटून मोकळे होऊ नका, आधीच सांगते." असले.

आई गेली तेव्हा सुनी बाळंतपणात अडकली होती, तिला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. आईचा स्वतःचा फोन त्याआधीच बर्फाच्या पेटीत पडून मेला होता. म्हणजे आईचा आवाज उरला तो फक्त बाबांच्या फोनात. बाबा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या शिव्या ऐकायचे. सुनीनं कितीदा मागितलं, "बाबा, मला पाठवा ना. त्यात आई माझं नाव घेते. पोरीला तिच्या आजीचा आवाज ऐकवीन."

बाबा म्हणायचे, "माझ्या बायकोच्या शिव्या माझ्या हायेत. तुला ऐकायच्या तर इथं येऊन ऐक."

तर असा हा ऐवज, आणि त्याला कुलूप दोनावर चार टपल्यांचं. मी एका रविवारी बाबांना धरून बसवलं. म्हटलं, आज तुमचा फोन तिजोरीसारखा करून टाकतो.

पहिलं, फिंगरप्रिंट. बाबांचा अंगठा लावला, फोन म्हणाला पुन्हा लावा. तर्जनी लावली, पुन्हा लावा. दहाही बोटं झाली! जन्मभर दोर ओढून आणि खारं पाणी खाऊन त्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. फोनच्या लेखी माझ्या बापाला बोटंच नव्हती.

शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी बाबांच्या पायाकडे बघितलं.

हसू नका! डाव्या पायाचा अंगठा लावला आणि फोननं तो एका झटक्यात घेतला. बाबा खूश. पुढे बोटीवर खलाशी सांगायचे, तांडेल फोन खाली टाकतात, वर पाय ठेवतात आणि तो उघडतो. हात जाळ्यात असले तरी चालतं!

दुसरं, पासवर्ड. म्हटलं, "बाबा, नवा टाका. कुणाला सांगायचा नाही. मलाही नाही." आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिलो. नियम म्हणजे नियम. मागून टकटक आवाज आला. "टाकला," बाबा म्हणाले. किती अभिमान वाटला मला!

तिसरं, फोनातलं सगळं दुसरीकडे आपोआप साठवलं जात होतं ते मी बंद केलं, आधीचं साठलेलंही पुसलं. कुणी चोरलं तर? आणि चौथं म्हणजे वरचा कळस. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की फोन आपला आपण सगळं पुसून टाकतो, अशी एक सोय असते. ती चालू केली. बाबांना सांगितलं, "आता चोराच्या बापालाही काही मिळणार नाही."

चोराच्या बापाचं माहीत नाही, पण पुढे काय झालं ते ऐका.

बाबा गेले. सकाळी ओट्यावर जाळं शिवत बसले होते, तसेच कलंडले. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही. घरात माणसं जमली. आंघोळ घातली, पांढरं कापड घातलं, रीतीप्रमाणे दोन्ही पायांचे अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधले. आता फक्त सुनीची वाट बघायची होती.

सुनी आली ती कडेवर पोर घेऊनच. बाबांच्या उशाशी बसून रडली. माझा हात धरून म्हणाली, "दादा, बाबा गेले, आता आईचा आवाज तरी मला दे. नाही म्हणू नको."

"देतो," मी म्हटलं. आणि मग आठवलं. पासवर्ड बाबांबरोबर गेला. उरला अंगठा. आणि अंगठा तासाभरात जळणार!

तुम्ही काय केलं असतं? नाही, खरंच सांगा. मी फोन टॉवेलात गुंडाळला आणि बाबांच्या पाया पडायला गेलो.

डोकं त्यांच्या पावलांवर टेकवलं आणि टॉवेलाखाली अंगठ्याला फोन लावला. पण दोऱ्यामुळे अंगठा नीट टेकेना. म्हणून हळूच दोरा सोडायला लागलो. बायकांमध्ये कुजबुज झाली, "बघा, पोराला पाय सोडवत नाहीत बापाचे!" एकजण तर डोळे पुसायला लागली.

पण शेजारच्या हिराकाकीची नजर घारीची. बाजारात बसून पापलेटाच्या डोळ्यावरून शिळं-ताजं ओळखणारी बाई ती.

"ए पऱ्या, अंगठे कशाला सोडतंस रं?"

"पाया पडतोय, काकी."

"पाया पडायला दोरा सोडावा लागतो होय?"

मी जोरात हुंदका दिला. हुंदका खरा होता, त्यात वाद नाही. आणि अंगठा फोनवर दाबला.

फोन घरघरला. ओळखत नाही म्हणाला.

पुन्हा दाबला. घर्र! गार पडलेला अंगठा तो, फोनला कुठला ओळखू येतोय? मी तो तळहातांत धरून चोळला, फुंकर घालून ऊब दिली, पुन्हा दाबला. घर्र! टॉवेल थरथरला, टॉवेलाबरोबर पाऊल थरथरलं.

आणि पायाशी बसलेली एक म्हातारी किंचाळली, "पाय हालला! तांडेलाचा पाय हालला! जीव हाय अजून!"

मग काय विचारता! एकच कालवा झाला. कुणी पाणी आणायला पळालं, कुणी डॉक्टरला आणायला बाहेर धावलं. दोघा-तिघांनी महालक्ष्मीच्या नावानं हात जोडले. बाहेर बांबू बांधणारे हातातलं टाकून आत आले. "छातीतून घरघर ऐकू आली," असं तर चारजण शपथेवर सांगायला लागले.

हे सगळं आठवून मीही हसतो कधीकधी. पण सुनीचं तोंड आठवलं की हसू थांबतं. तिनं पोर खाली ठेवलं आणि बाबांची छाती दोन्ही हातांनी चोळायला लागली. "बाबा! बाबा, मी आलेय! डोळे उघडा!" तिच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगतो, आनंद होता. आणि तो माझ्या टॉवेलामुळे होता.

मग मला टॉवेल उघडावा लागला.

आतून फोन बाहेर आला. नंतर हिराकाकीच बोलली, "मेल्या, बापाच्या पायाला चार्जिंग लावतंस काय?"

काकीनं मला बाजूला सारलं, अंगठे पुन्हा बांधले, दोनदा गाठ मारली. सुनीनं पोर उचलून घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही बाबांना नेलं, आणि अंगठ्याचा विषय संपला.

संध्याकाळी घरी फोन समोर ठेवून बसलो. सुनी, मी आणि हिराकाकी. म्हटलं, माणूस पासवर्ड काय ठेवतो? ओळखीचंच काहीतरी. आईच्या जन्माचं साल टाकलं. चूक. बोटीचा नंबर टाकला. चूक. सुनीच्या लग्नाची तारीख, नातीचा जन्म, घराचा नंबर. चूक, चूक, चूक. मधे फोन रुसून बसायचा, थोड्या वेळानं या म्हणायचा. आम्ही थांबायचो आणि पुन्हा आठवायचो. त्या निमित्तानं बाबांच्या किती गोष्टी निघाल्या. सुनी एकदा तर हसलीसुद्धा.

मग स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. मी ती दोनदा वाचली. ती कळसाची सोय आठवली ना! आता एकदाच संधी, चुकलं तर सगळं पुसलं जाणार. मी हे सांगितलं तेव्हा सुनीनं फोनवर हातच ठेवला.

"थांब. दादा, दोनावर चार टपल्या मारून बघ."

"अगं, तो जुना. मी स्वतः बदलायला लावला."

"तू बघितलंस बदलताना?"

"बघायचं नसतं! मी तोंड फिरवलं होतं."

"तरी मारून बघ ना. माझं ऐक."

"सुनी, तुला यातलं काय कळतं? मी रोज हेच काम करतो."

काकी म्हणाली, "तू काचा लावतंस बाबा." पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो. कारण मला पासवर्ड सुचला होता! इतका वेळ कसा सुचला नाही? एकुलता एक मुलगा मी. बापाच्या मनात गुपित म्हणून दुसरं काय असणार? मी छाती भरून श्वास घेतला आणि माझी स्वतःची जन्मतारीख टाकली.

फोन काळा झाला. मग छान संगीत वाजलं आणि स्क्रीनवर आलं, आपलं स्वागत आहे, भाषा निवडा.

सुनी उठून आत गेली. आतून कितीतरी वेळ फक्त पोरीचा आवाज येत होता, तिचा नाही.

तेराव्याला बाबांचा जुना खलाशी रघू जेवायला आला. तो फोन कोपऱ्यात पडला होता. रघूनं उचलून बघितला आणि म्हणाला, "दादा, हा कोरा कसा? तांडेलांचं सगळं कुठं गेलं?"

"पासवर्ड माहीत नव्हता रे."

"आं? दोनावर चार टपल्या!"

"तो जुना. बाबांनी बदलला होता."

रघूनं घास खाली ठेवला. "कुठं बदलला? ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मीच तर उघडून दिला. हात चिखलात होते त्यांचे, पायात बूट." मग जरा घुटमळून म्हणाला, "मला म्हणायचे, पऱ्याला सांगू नको. पोरगा लय मन लावून शिकवतो. त्याला वाटू दे बदलला म्हणून."

सुनी वाढत होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्या पानात भात घातला, वर आमटी घातली आणि पुढच्या पानाकडे गेली. मला ती दोन शिव्या देती तर बरं झालं असतं. आईनं तर जन्मभर पुरतील एवढ्या दिल्या असत्या, पण त्याही मीच पुसल्या होत्या.

आता दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, फिंगरप्रिंट बरं की पासवर्ड?" मी काच चिकटवत राहतो. म्हणतो, "मला यातलं काही कळत नाही."

आणि माझ्या फोनचा पासवर्ड? दोनावर चार टपल्या! सगळ्या बंदराला सांगून ठेवलाय, तुम्हीही लक्षात ठेवा. उद्या माझं काही झालं तर घरच्यांना माझ्या पायाशी बसायची वेळ नको. परवा सुनीला मुद्दाम फोन करून सांगितला. म्हटलं, लिहून ठेव, कधी लागला तर.

ती म्हणाली, "दादा, तुझ्या फोनात ऐकण्यासारखं आहे काय?"