बंडूची वर्दी

अख्ख्या जुन्नर तालुक्यात माझ्या मावशीइतकी खबर ठेवणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि तिला ऐकू मुळीच येत नव्हतं. पिंपरी पेंढारला मळ्यातल्या घरी ती एकटी राहायची. कान पन्नाशीतच गेले होते, पण ते तिनं कधी कबूल केलं नाही. "मला येतंय ऐकू, लोकांच्याच आवाजात दम राहिला नाय," असं तिचं म्हणणं. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, चिंचवडला कारखान्यात होता. त्यानं कानाचं मशीन आणून दिलं. ते तिनं सकाळी लावलं, भांड्यांचा, कोंबड्यांचा आणि शेजारच्या मळ्यातल्या जावेचा आवाज ऐकला, आणि दुपारच्या आत काढून ठेवलं. "एवढी कटकट रोज चालती व्हय? बरी व्हते मी." पुढं ते मशीन मिठाच्या बरणीमागं असायचं. समोरच्याच्या ओठांकडं बघून तिला बरंचसं कळे. मुलाच्या मात्र झुबकेदार मिशा. "आधी मिशा काढ, मंग बोल," ती त्याला सुनवायची. मला मिशी नव्हती, त्यामुळं मायलेकांमधला दुभाष्या मीच.

बाकी सगळा कारभार बंडूकडं. बंडू म्हणजे तांबूस, एक कान मोडलेला गावठी कुत्रा. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. ही बाई हाकेला येत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं काम अंगावर घेतलं. कुकरची शिट्टी झाली की नाकानं तिच्या गुडघ्याला ढोसायचं. लाइट येऊन विहिरीवरची मोटर सुरू झाली की तिकडून पळत येऊन तिच्याभोवती फेर धरायचा. दारात कोणी आलं, अगदी बांधावरून कोणी परकं गेलं, तरी पदर धरून ओढायचं. मग मावशी बांधावर जायची, माणूस अडवायची आणि कुठं, कशाला, कधी परत, हे सगळं त्याच्या ओठांवरून उतरवून घ्यायची. गावात फोन आले तेव्हा तर दोघांची धांदल बघण्यासारखी होती. घंटी वाजली की बंडू तिला ओढत फोनपाशी न्यायचा. मावशी रिसीव्हर उचलायची, कांद्याचा भाव, पाण्याची पाळी, गुडघ्याचं दुखणं एका दमात सांगायची आणि "बरं, ठिवते" म्हणून ठेवून द्यायची. चुकून नंबर लागलेल्या कितीतरी माणसांना तिच्या गुडघ्याची इत्थंभूत माहिती होती. चपला घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलेल्या सुनेला तिनं भर पाहुण्यांत झापलं होतं, पण दिवस कलला की बंडूला हाताला धरल्यासारखं आत आणायची आणि आपल्या खाटेखाली झोपवायची. उसात बिबटे फिरत, आणि त्यांचा डोळा आधी कुत्र्यांवर.

मावसभावाला तिची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. "आईला विचार, बिबट्या दारात आला तर हिला ऐकू येणार आहे का?" मी ते ओठांनी पोचवलं. मावशी म्हणाली, "बिबट्या काय हाका मारीत येतो व्हय? तुमाला तरी कुठं ऐकू येणार हाये?" त्याचं म्हणणं, चिंचवडच्या फ्लॅटवर चल. सोसायटीत कुत्र्याला मनाई होती. "मंग मलाबी मनाई समज." दिवाळीचे दोन दिवस असं चाललं. शेवटी ठरलं, की एक दिवस तो न सांगता येईल, दारात उभा राहून हाका मारील. बंडूनं आत जाऊन वर्दी दिली तर मावशी इथंच राहणार. नाही दिली, तर सामान बांधायचं. "कवाबी ये," मावशी ऐटीत म्हणाली.

थंडीत एका दुपारी तो आला. साक्षीला मला घेऊन आला होता. दार नुसतं लोटलेलं. फटीतून मावशीची पाठ दिसत होती, शेंगा फोडत बसलेली. त्यानं हाक मारली, कडी वाजवली. बंडू बाहेर आला, आमचे बूट हुंगले, शेपूट हलवली आणि आमच्या पायाशी आडवा झाला. "आई! ए आई!" बंडूनं जांभई दिली. मावसभावाचा आवाज बसायला आला, शेजारची जाऊ बांधापर्यंत येऊन बघून गेली, पण मावशीची पाठ हलली नाही. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. घर रिकामं करायचं म्हणजे काय, ते त्याला तिथं उभ्या उभ्या दिसायला लागलं असावं.

तेवढ्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई डोक्यावर पाटी घेऊन अंगणात आली. बंडू ताडकन उठला, आत धावला, आणि पदर ओढत मावशीला दारात घेऊन आला.

"तू कवा आलास?" मावशीनं विचारलं.

"मघापासून बोंबलतोय! ही बाई आलेली यानं सांगितली, मी आलेलो नाही सांगितलं. विचार आईला, आता काय म्हणणंय?"

मी विचारलं. मावशीनं आधी बंडूकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"तू काय पावणा हाइस व्हय? घरच्याची कसली वर्दी? घरच्या माणसानं दार ढकलायचं आन् आत यायचं. तू हितं हुभा का राहिलास, त्ये सांग."

मावसभाऊ वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला आणि बराच वेळ सोडत राहिला. सामानाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

बंडू मावशीच्या वर्षभर आधी गेला. शेवटच्या वर्षात ती दिवसभर दार सताड उघडं ठेवायची. यंदा तीही गेली, त्याच घरातून. तिचं सगळं आठवताना एक गोष्ट आता ध्यानात येते, ती त्या दुपारी आली नव्हती. मी तिच्या बहिणीचा मुलगा, सुट्टीत चार दिवस येणारा. त्या दिवशी दारात मीही उभा होतो. बंडूनं माझीही वर्दी दिली नव्हती.