पत्रेवाले, ओसरीवाले आणि महिपतीची खळ

सात रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला चिकटून महिपतीचं स्पीकर दुरुस्तीचं. मधली भिंत इतकी पातळ, की तो तिकडे शिंकला तर मी इकडे कागद सावरते. संगीतातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. तरी मल्हार या माणसावर कुणी परीक्षा घेतली तर मी पहिल्या वर्गात पास होईन. कारण रोज संध्याकाळी सहाला त्याचे चाहते महिपतीच्या दुकानात जमतात आणि भांडतात.

मल्हार म्हणजे आमच्या सोलापूरचा रॉकस्टार. हसू नका. गॅदरिंगला तो येणार म्हटलं की दुसऱ्या कॉलेजची पोरं कंपाउंडवरून उड्या मारून आत यायची. गेल्या वर्षी काविळीनं गेला, छत्तिसाव्या वर्षी. जिवंतपणी होते त्याच्या तिप्पट चाहते तो गेल्यावर झाले आणि त्यांच्यातल्या दोन जुन्या तटांचं भांडण आणखी पेटलं.

त्याचं असं झालं, की मल्हारचा पहिला अल्बम होता ‘तापलेला पत्रा’. त्यात तो बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि गिटार अशी करकरते, की माझ्या दातांना कळ यायची. मग चार वर्षांनी आला ‘ओसरीवर’. त्यात हाच माणूस शेजारी बसून बोलावं तसा गातो आणि गिटार अगदी हळू. त्यानंतर गेला तोवर तो तसाच गात राहिला. पहिला मल्हार खरा म्हणणारे ते पत्रेवाले, दुसरा खरा म्हणणारे ओसरीवाले.

पत्रेवाल्यांचा म्होरक्या तिप्पण्णा. चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर, पोट सुटलंय, केस गेलेत, पण अंगात अजून तोच काळा टीशर्ट. ओसरीवाल्यांची पुढारी रेश्मा, पलीकडच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट, तिप्पण्णापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि बोलण्यात त्याच्यापेक्षा पंधरा पट तिखट.

“लग्न झालं आन् गडी थंड पडला बे! वाघ हुता, मांजर झालं,” तिप्पण्णा म्हणायचा.

“थंड नाही झाला, आत वळला तो,” रेश्मा म्हणायची. “तुम्हाला ओरडल्याशिवाय ऐकायलाच येत नाही, त्याला तो काय करणार?”

आणि या दोघांच्या मधोमध सोल्डरिंगची कांडी हातात धरून, खाली मान घालून बसलेला महिपती. त्याला सगळे मामा म्हणतात. मल्हारची अँप्लिफायरची पेटी सुरुवातीला हाच दुरुस्त करायचा. म्हणजे या विषयावर बोलायचा खरा हक्क कुणाला असेल तर त्याला. पण तो हूं की चूं करायचा नाही. वाद फारच चढला की म्हणायचा, “चा घ्या की. निवतोय.”

महिपती मूळचा जेऊरकडचा, मेंढरंवाल्यांच्या घरातला. वीस वर्षं शहरात काढली, पण गल्लीतल्या कुणालाही घोंगडी घ्यायची झाली की सल्ला त्याचाच. घोंगडी ताठ राहावी म्हणून तिला चिंचोके शिजवून केलेली खळ लावतात. ती किती घट्ट असावी, उन्हात किती वेळ ठेवावी, असले प्रश्न लोक फोन करकरून विचारायचे. मल्हारनंही एकदा विचारलं होतं म्हणे. महिपती सगळ्यांना तेच सांगायचा, “बोटाला तार धरली की उतरवायची.”

धंद्यात त्याच्या दोन खोडी. एक, बदललेला जुना भाग तो कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून गिऱ्हाइकाला परत देतो, म्हणजे उगाच बदलला असा संशय नको. दुसरी खोड जरा वाईट. जे दुरुस्त करायला कुणी सांगितलेलं नाही तेही हा दुरुस्त करतो. मी एकदा त्याच्याकडे टेबलफॅन दिला, बटण अडकत होतं म्हणून. परत आला तेव्हा बटण ठीक होतं आणि फॅनचा घर्रघर्र आवाजही गेला होता. त्या आवाजावर माझी सासू दुपारी झोपायची. पुढे महिनाभर तिला डोळा लागला नाही आणि त्याचे परिणाम मी भोगले.

आणखी एक गोष्ट मी भिंतीपलीकडून टिपली होती. ‘ओसरीवर’मधलं गाणं कुणी मोबाईलवर लावलं, की महिपती उठून बाहेर जायचा. कधी तंबाखू, कधी पाण्याची बाटली, काहीतरी निमित्त. मला वाटलं, आतून हा पत्रेवालाच.

मल्हारला जाऊन वर्ष होत आलं तसा स्मृती कार्यक्रम ठरला. हॉल ठरला, तारीख ठरली, पहिलं गाणं कुठलं यावर घोडं अडलं. आठ दिवस माझ्या भिंतीला हादरे बसत होते. शेवटी मल्हारच्या बायकोचा, दाक्षायणीचा निरोप आला. ती दुधनीला माहेरी असते. गाणी कुठलीही लावा, म्हणाली, पण त्यांच्याच पेटीतून लावा. पेटी घरी बंद पडून आहे. रविवारी घेऊन येते, महिपतीमामांनी उघडून बघावी.

निरोप ऐकून दोन्ही तट खूश. महिपतीचा मात्र चेहरा उतरला. सगळे गेल्यावर तो माझ्या काउंटरपाशी येऊन उभा राहिला.

“ताई, ती पेटी म्या उघडली की माजं पाप भाईर येणार.”

“कसलं पाप? चोरी केली की काय?”

“चोरी परवडली. म्या मल्हारचं गाणं मारलं.”

मग त्यानं सांगितलं. पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मल्हारच्या पेटीतल्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला. नवा मिळेना. महिपती तेव्हा शिकाऊच. त्याची आई तानाबाई गावाहून आली होती आणि चुलीवर घोंगडीसाठी खळ शिजत होती. त्यानं पातळ फडक्याचा तुकडा खळीत बुडवून पडद्यावर चिकटवला आणि पत्र्यावर वाळत घातला. खळ वाळून कडक झाली आणि गिटार वाजवली तशी करकरायला लागली. मल्हार नाचायलाच लागला. अल्बमचं नाव त्यावरूनच पडलं.

“म्हणजे ती करकर विलायती मशीनची, असं तिप्पण्णा सांगतो ते खोटं?”

“चिंचोकं हायेत ताई, चिंचोकं.”

पुढे तीन वर्षांनी पेटी एका सुटलेल्या वायरीसाठी आली. उघडून बघतो तो उंदरानं खळीचा काठ कुरतडलेला. एव्हाना महिपती नावाजलेला कारागीर झाला होता. आपलं जुनं गावठी ठिगळ बघून त्याला लाज वाटली. वायर जोडायची सोडून त्यानं स्पीकरच नवा टाकला, न विचारता. जुना रिवाजाप्रमाणे कागदात बांधून दिला. मल्हारनं गिटार वाजवून बघितली आणि म्हणाला, “लई साफ झालं की, मामा.” आणि गेला. पेटी परत कधी दुरुस्तीला आली नाही, आणि काही महिन्यांत ‘ओसरीवर’ आला.

“त्याचा आवाजच म्या काडून घेतला, मग त्यो काय करनार? हळू गायाला लागला. बारा वर्सं ही मानसं भांडत्यात, आन् कारन म्या हाय.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे खरं. पण मी वाईट बाई आहे, मला आणखीही काही दिसलं. ‘कारन म्या हाय’ म्हणताना त्याची छाती अंगुळभर पुढे आली होती. एवढ्या मोठ्या वादाचं मूळ आपण आहोत, हे दुःख त्यानं बारा वर्षं जपून ठेवलं होतं.

“सांगून टाका त्यांना,” मी म्हटलं. “पेटीनं सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.”

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं सांगितलं. मी मशीन बंद ठेवून ऐकत होते. पहिला पेटला तिप्पण्णा.

“मामा, माज्या दंडावर ‘तापलेला पत्रा’ गोंदलंय बे! आन् तू चिंचोकं म्हनतोस?”

मला वाटलं, रेश्मा तरी खूश होईल. ती जास्तच भडकली. “म्हणजे तो आत वळला नाही? उंदरामुळे झालं सगळं? मी त्या अल्बमवर अठरा पानांचा लेख लिहिलाय, मामा!” (लेख मीच झेरॉक्स केला होता. अठरा नाही, बावीस पानं होती.)

इतकी वर्षं एकमेकांशी भांडणारे ते दोन तट महिपतीविरुद्ध पाच मिनिटांत एक झाले. तिप्पण्णानं दुरुस्तीला दिलेला मिक्सर उघडा, वायरी लोंबकळत्या, तसाच उचलून नेला. त्या आठवड्यात सहा ते आठ भिंतीपलीकडे चिडीचूप होतं. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

रविवारी दाक्षायणी आली. रिक्षातून पेटी उतरवली, पदरानं पुसली. पेटीचं दर्शन घ्यायला तिप्पण्णा आणि रेश्माही आलेच, पण महिपतीकडे न बघता एकेका कोपऱ्यात उभे राहिले. महिपतीनं पेटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मागची फळी खोलायला घेतली.

खोलता खोलता थांबला. “ह्ये इस्क्रू माजं न्हाईत.”

चार स्क्रू चार जातींचे होते. एक तर खिडकीच्या बिजागरीचा. फळी निघाली. महिपतीनं बॅटरी आत मारली आणि तो तसाच वाकून राहिला. मला राहवेना, दारात उभी होते ती आत गेले. पेटीत जुना स्पीकर होता. खळीच्या ठिगळाचा. आणि उंदरानं कुरतडलेल्या काठावर नव्यानं खळ फासलेली, जाडीभरडी, हाताच्या बोटांचे ठसे उमटलेली.

“ह्ये कुनी केलं?” महिपतीनं विचारलं.

“त्यांनीच की,” दाक्षायणी म्हणाली. “तुमी नवा घालून दिला न्हवं का, त्याच दिवशी घरी येऊन जुना परत बसवला. मग माज्या पातेल्यात चिंचोकं शिजवलं. पातेलं करपवलं, अय्यो, मी लई बोलले त्यास्नी. तुमाला फोन लावून इचारलं पन, किती घट्ट करायचं म्हनून. नवा स्पीकर भाच्याला दिला.”

“मला का न्हाय सांगितलं?”

“मामांनी इतक्या हौशेनं बदललाय, कसं सांगू, म्हनायचे.”

तिप्पण्णानं घसा खाकरला. “वहिनी, मग आवाज का बदलला त्यानं?”

दाक्षायणीनं जरा विचार केला. “मीबी इचारलं हुतं एकदा. म्हनाले, ओरडून झालं, आता बोलून बगतो.”

एवढंच. रेश्माची बावीस पानं आणि तिप्पण्णाचा दंड, दोघांनाही त्यात फारसं काही मिळालं नाही. आणि महिपतीकडे बघून तर मला हसू आणि कणव एकदमच आली. बारा वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि ते उतरल्यावर हातात काय धरायचं, हे त्याला कळत नव्हतं. वादाचं मूळ तो नव्हताच.

त्यानं पेटीतली सुटलेली वायर जोडली, रेश्मानं मोबाईल लावला. “कुठलं लावू?” तिनं विचारलं. तिप्पण्णा काही बोलायच्या आत महिपती म्हणाला, “ओसरीवरलं लाव.” आणि या वेळी तो बाहेर गेला नाही.

माझ्या दुकानात मशीन घरघरत होतं. मी जाऊन ते बंद केलं आणि परत महिपतीकडे आले.

मल्हार गायला लागला, अगदी शेजारी बसल्यासारखा. महिपतीनं कान पेटीजवळ नेला. मग त्यानं पेटीची वायर काढली आणि तेच गाणं नुसतं मोबाईलवर लावायला सांगितलं. मग पुन्हा पेटीवर. त्याचा चेहरा बदलत गेला.

“खालनं करकरतंय,” तो म्हणाला. “पेटीतबी आन् गान्यातबी. एकदम बारीक.”

“ते होय?” रेश्मा म्हणाली. “ते तर ‘ओसरीवर’च्या सगळ्या गाण्यांत आहे, मामा. आम्ही त्याला मल्हारचा श्वास म्हणतो. मी त्यावरच तर लिहिलंय.”

“माजी खळ हाय ती,” महिपती म्हणाला आणि रडायला लागला. चारचौघांत, तोंड न झाकता.

तिप्पण्णा कोपऱ्यातून पुढे आला. पेटीसमोर उकिडवा बसला. “ह्यातबी हाय हे?” त्यानं हळूच विचारलं. “मला कसं ठाऊक असनार बे. म्या पहिल्या गान्यातच बंद केलं हुतं, परत कदी ऐकलंच न्हाय.”

“म्याबी,” महिपती म्हणाला. “लावा की परत. पहिल्यापासनं.”

रेश्मानं परत लावलं. माझ्या काउंटरवर कुणीतरी आधार कार्ड घेऊन उभं राहिलं होतं. “मॅडम, दोन कॉप्या,” ते म्हणालं.

“थांबा जरा,” मी म्हटलं. “गाणं चाललंय.”