परीक्षेसाठी एक आजारी माणूस

माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी घरात एक आजारी माणूस हवा होता, आणि आमच्या घरात सगळे ठणठणीत होते.

दोहातल्या आमच्या ब्रिटिश शाळेत अकरावी-बारावीला सिक्स्थ फॉर्म म्हणत. तिथे मी 'हेल्थ अँड सोशल केअर' घेतलं होतं, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी कशी घ्यायची याचा अभ्यास. गॅस कंपनीत इंजिनीअर असलेले माझे बाबा लोकांना सांगायचे, "मुलगी मेडिकल लाइनला आहे." (लाइन खरी होती, मेडिकल बरंच लांब होतं!) घरात मात्र त्यांनी बजावलं होतं, "यात नापास झालीस तर खलास! गुपचूप फिजिक्स घ्यायचं." फिजिक्सचं पुस्तक दिसलं की मी खोली बदलायची.

आमच्या मिस कॅरल गुरुवारी चार वाजता घरी येणार होत्या. (तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी शाळा!) चालता न येणाऱ्या माणसाची मी तासभर काळजी घ्यायची आणि त्यांनी ती बघायची. उमेदवार एकच होता, नाशिकहून आलेले आजोबा. वय सत्त्याहत्तर, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर. वर्ल्ड कपच्या तयारीत तेव्हा सगळं शहर खणून ठेवलेलं. काल डावीकडे असलेला रस्ता आज उजवीकडे निघायचा. आजोबा रोज पहाटे पाच किलोमीटर चालून या सगळ्याची पाहणी करत आणि चहाबरोबर घोषणा करत, "पेट्रोल पंपामागचा रस्ता बंद! वळसा घालून जाणे!"

"आजोबा, तासभर चालता येत नाही असं दाखवाल?"

"तुझ्या मार्कांसाठी मी अर्धांगवायूसुद्धा घेतो!"

"नको, नुसते गुडघे पुरेत."

मग मी बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर लिहिलं, 'आजोबांसाठी एक दिवस व्हीलचेअर मिळेल का? अर्जंट.' एवढंच. परीक्षेचं लिहायला मी विसरले. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या रुखसाना खाला सासूबाईंची जुनी व्हीलचेअर ढकलत हजर झाल्या. वर पेजेचा डबा.

"काय झालं गो आजोबांना? काल तर जिना चढत होते!"

आपल्या लोकांत आजाऱ्याला बघायला जायला आमंत्रण लागत नाही. गुरुवारी साडेतीनला आमच्या हॉलमध्ये सोळा माणसं, अकरा डबे आणि सफरचंदांचा ढीग होता. लातूरचे देशमुख काका होमिओपॅथीच्या गोळ्या घेऊन आले होते. "कशानं झालं म्हणायचं हे?" असं ते प्रत्येकाला विचारत होते, आणि प्रत्येक जण वेगळं कारण देत होता. आजोबा व्हीलचेअरमध्ये शाल पांघरून इतके सुंदर कण्हत होते, की आईचेसुद्धा डोळे भरून आले. (तिला सगळं ठाऊक असूनही!) ऑफिसातून लवकर आलेले बाबा सगळ्यांना खुर्च्या देत होते.

चार वाजले, सव्वाचार झाले, आणि मिस कॅरलचा फोन आला. त्या हरवल्या होत्या. मॅपमधला रस्ता खड्ड्यात संपत होता. मी काही बोलायच्या आत आजोबांनी फोन हिसकावला.

"मॅडम, लेफ्ट नो रोड! यस्टरडे रोड, टुडे खड्डा! यू स्टॉप. आय कम!"

आणि आमचे रुग्ण ताडकन उठले, चपला घातल्या आणि लिफ्टची वाटसुद्धा न बघता जिन्याने खाली पळाले. देशमुख काकांनी हातातल्या गोळ्यांच्या बाटलीकडे फार आदराने पाहिलं.

मी गॅलरीत धावले. खाली आजोबा तोंडाने शिट्टी वाजवत मिस कॅरलना गाडी रिव्हर्स घ्यायला लावत होते. "आने दो, आने दो... बस!" मिसनी त्यांना धावताना पाहिलं होतं. आता काय करायचं? रुग्णाशिवाय परीक्षा कशी होणार? आणि परीक्षा नाही तर फिजिक्स!

"बाबा, बसा!"

"कुठे?"

"व्हीलचेअरमध्ये! तुम्हीच आजोबा!"

"अगं, मी पन्नाशीचासुद्धा नाही!"

"अहो, बसा ना," आई म्हणाली, "रंगवलेल्या केसांवर शाल घ्या."

बाबा बसले. दार उघडलं. पुढे मिस कॅरल, मागे त्यांची बॅग घेतलेले आजोबा.

"तुझे आजोबा फारच गोड आहेत," मिस कॅरल म्हणाल्या. "खाली त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. 'आय ॲम पेशंट' म्हणाले." मग त्यांची नजर शालीतल्या आकृतीवर गेली. "आणि हे कोण?"

इथे सगळं निभावलं असतं. पण बाबांच्या शाळेत मॅडम वर्गात आल्या की उभं राहायची पद्धत होती, आणि ती त्यांच्या हाडात मुरली होती. ते सवयीने उठायला गेले. व्हीलचेअरला ब्रेक लावायचा हा आमचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा! मी तो लावला नव्हता. व्हीलचेअर मागे गेली, बाबा पुढे आले, आणि कमरेतून 'कट्' असा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाबा वाकले ते वाकलेलेच राहिले.

मी रडायच्या बेतात होते. मिस कॅरलनी शांतपणे पेन काढलं. "पहिल्या पेशंटबद्दल आपण रविवारी शाळेत बोलू. हा खरा दिसतोय. कर सुरुवात."

मी डोळे पुसले आणि पाठ केलेलं सगळं आठवलं. आधी हॉल रिकामा केला. (रुखसाना खाला डबे ठेवून गेल्या.) मग बाबांसमोर गुडघ्यांवर बसून नियमाप्रमाणे परवानगी मागितली.

"बाबा, मी तुम्हाला हात लावला तर चालेल का?"

"चालेल काय विचारतेस, आधी धर मला!"

"तुम्हाला पलंगावर आवडेल की सोफ्यावर?"

"जमिनीवर! कुठेही! यल्ला, लवकर!"

मी त्यांना हळूच आडवं केलं, पायांखाली उशी दिली, शेक दिला, पेज भरवली. बाबा तासभर मी सांगेन तसे पडून होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं होतं, आणि खरं सांगते, मला त्यांची फार माया आली.

मी पास झाले. ब्रेकचे मार्क गेले, पण 'रुग्णाशी आदराने वागणे' याचे पूर्ण मिळाले. बाबा पंधरा दिवस झोपून होते आणि या काळात फिजिक्सचा 'फ'सुद्धा त्यांनी काढला नाही.

आता मी हेच काम करते. "तुमचा पहिला पेशंट कोण?" असं कुणी विचारलं, की मी अभिमानाने सांगते, "माझे वडील." त्यांना पेशंट कुणी केलं, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही!