आत्याचं चवीचं इंग्रजी

इंग्रजी शब्द आधी चाखायचा आणि मगच पाठ करायचा, असा नेम पाळणारी बाई उभ्या जुन्नर तालुक्यात एकच आहे आणि ती माझी थोरली आत्या आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. राहते घाटघरला. शाळा चौथीपर्यंत. दोन्ही पोरं चाकणला कंपनीत लागल्यापासून घरात ती आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, असे दोघंच. पण हाताला सवय दहा माणसांच्या स्वयंपाकाची. दोघांपुरता भात टाकायचा म्हटलं की तिचा जीव कासावीस होतो. म्हणून पुण्याच्या एका ट्रेकवाल्या संस्थेने परदेशी पाहुण्यांच्या जेवणासाठी गावात एक घर निवडायचं ठरवलं आणि पदार्थांची माहिती इंग्रजीत सांगता आली पाहिजे अशी अट घातली, तेव्हा आत्याने पदर खोचला.

मास्तर मी, तोही फोनवरून. सकाळी सहाला फोन वाजे. "खारटाला काय म्हनत्यात रं?" मी झोपेतच 'सॉल्टी' म्हणायचो. तिकडे ती मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो विरघळेपर्यंत 'सॉल्टी, सॉल्टी' घोकायची आणि मग खळखळून चूळ भरायची. एका शब्दाला दुसऱ्याची चव लागली तर दोन्ही नासतात, असं तिचं शास्त्र होतं. 'क्रिस्पी'पायी मामांनी सलग चार दिवस पापड खाल्ले. तुरटाला 'ॲस्ट्रिंजंट' म्हणतात हे मलाच डिक्शनरीत बघावं लागलं. आत्याने हिरडा चावून तो शब्द एका बैठकीत घशाखाली उतरवला आणि दिवसभर तोंड वाकडं करून हिंडली. मामा म्हणाले, "ब्येस झालं राव. कारलं वाढायच्या आदी आता ही बिटर म्हनती, पळायला तेवढाच येळ मिळतो."

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून हजर. संस्थेच्या एक बाई आल्या आणि त्यांच्याबरोबर एक उंच, गोरी पाहुणी. आत्याने नाचणीची भाकरी वाढली आणि हात जोडून म्हणाली, "सॉरी. व्हेरी ड्राय." पिठलं वाढलं, "ब्लँड." करवंदाचं लोणचं, "टू सॉल्टी." बाईंचं पेन वहीवर भराभर चाललं होतं. मला दरदरून घाम फुटला. 'टेस्टी' आणि 'डिलिशस' तर मी सगळ्यात आधी शिकवले होते! पाणी वाढायच्या निमित्ताने तिच्याजवळ जाऊन कुजबुजलो, "आत्या, चांगलं सांग की!"

ती माझ्यावरच डाफरली, "आपल्या हातचं आपुनच वाखानायचं व्हय? लाज न्हाई वाटायची? त्ये पावन्यांनी म्हनायचं आस्तं."

खरंच होतं. आमच्याकडे पंचपक्वान्नं वाढली तरी वाढणारी 'काय न्हाई, आपलं साधंच हाय' असंच म्हणते. इंग्रजीत तेवढं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

एवढ्यात पाहुणीने घास खाल्ला आणि जोरजोरात मान हलवली. "नो, नो! सॉफ्ट!" आत्या म्हणाली, "ड्राय." "सॉफ्ट!" पिठल्यावरून तर 'ब्लँड' आणि 'डिलिशस' अशी चांगलीच जुंपली. आत्या एकेक डाव हरत होती आणि दर हारीला आणखी एक भाकरी वाढत होती. शेवटी बाईंनीही पेन ठेवलं आणि ताट पुढे ओढलं. घर आत्याचंच ठरलं. हिचा भाचा म्हणून त्या दिवशी मी गावभर मिरवलो, आणि अजून मिरवतो.

आता सुट्टीच्या दिवसांत तिच्या ओसरीवर पंगत बसते. परवा मी गेलो तेव्हा मात्र पाहुणे नव्हते. तिने चिंबोऱ्यांचं कालवण वाढलं. जेवता जेवता वाटलं, जन्मभर हिच्या हातचं खातोय, पण बरं झालंय असा एक शब्द कधी तोंडातून काढला नाही. घरचं माणूस कशाला बोलतं? मला वाईट वाटलं. म्हटलं, "आत्या, कालवण लई झकास झालंय गं."

तिचा पळीचा हात थांबला. "तू कवापासनं पावना झाला रं?"

हसतच म्हणाली ती. पण मी जवळजवळ वर्षाने आलो होतो आणि चारच्या एस.टी.ने परत निघणार होतो. मी ताट पुढे केलं, आणि चारची एस.टी. जाऊ दिली.