आज मला विचारू नका

सकाळी नऊच्या सुमारास मिलिंदरावांच्या नंबरवरून फोन आला. मी डिस्पॅचच्या टेबलापाशी उभा होतो. सवयीप्रमाणे म्हणालो, "बोला राव, आज काय बंद पाडताय?" पलीकडून त्यांच्या मेहुण्याचा आवाज आला. "दाजी गेले हो… कामावर निघाले होते, दारातच कोसळले." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. इतकंच आठवतं, की समोरून जाणाऱ्या फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरवर मी विनाकारण ओरडलो. याला आता सात आठवडे झाले. माझ्या त्या पहिल्या वाक्याची लाज अजून जात नाही. पण खरं सांगायचं तर गेली अकरा वर्षं आमचं बोलणं याच सुरात चालायचं.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. तयार माल खोक्यांत भरून, ट्रकमध्ये चढवून वेळेत रवाना करायचा, हे माझं काम. मिलिंदराव आयटी मॅनेजर. हा हुद्दा ऐकला की वाकडचा उंच टॉवर आणि काचेची केबिन डोळ्यांपुढे येते. मलाही तसाच कोणी साहेब येणार असं वाटलं होतं. हे आले पिंपळे गुरवहून दुचाकीवर, डब्याची पिशवी हँडलला अडकवून. वडील पिंपरीच्या एका कंपनीत जन्मभर फिटर होते, त्यामुळे ऑइलच्या वासाला नाक मुरडायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात छताच्या पत्र्याखाली शिरले आणि उंदरांनी कुरतडलेली केबल घेऊन खाली उतरले. डोक्याला जळमटं लागलेली. मला म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही. वर कुणीतरी जेवून गेलंय."

आयटी मॅनेजरचं काम म्हणजे नक्की काय, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून यांचं मोठं काम गुरुवारी. मशीन चालू असलं की या माणसाची आठवण कुणालाही येत नाही, आणि बंद पडलं की गेटवरच्या वॉचमनपासून प्लँट हेडपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी येते. नवीन सर्व्हर मागितला तर वरून उत्तर, "आत्ता चालतोय ना?" आणि तो बंद पडला की तेच साहेब विचारणार, "आधी का नाही सांगितलं?" त्यात कुणाच्या मुलाचा मोबाइल, कुणाच्या घरचा टीव्ही, एकदा तर कॉन्फरन्स रूमच्या एसीचा रिमोट. वायर असली की ती आयटीची, असा आमचा सरळ हिशेब होता. ते तोही रिमोट उघडून बसले. सेल उलटे घातले होते. ते सरळ केले आणि कोणी घातले होते हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. (मी घातले होते.)

सगळ्यात जास्त फोन माझे. आमच्या प्रत्येक खोक्यावर बारकोडचं लेबल लागतं, त्याशिवाय गिऱ्हाईक माल उतरवून घेत नाही. लेबलं छापायची थांबली की माझा जीव वरखाली व्हायचा आणि अंगठा आपोआप त्यांच्या नावावर जायचा. ते जेवत असोत, लग्नात असोत, आजारी असोत… "काय दिसतंय पडद्यावर? वाचा मला," असं शांतपणे म्हणायचे. एकदाही चिडले नाहीत. चिडायचं खातं माझ्याकडे होतं.

मग पाचेक वर्षांपूर्वी एका सोमवारी त्यांच्या दारावर कागद लागला. 'आज मला विचारू नका.' स्वतः कँटीनमध्ये जाऊन बसले, फोन बंद करून. आम्हाला वाटलं, गंमत आहे. अकरा वाजता लेबलं थांबली. ट्रक उभा. आयटीत तेव्हा नवीन लागलेली श्वेता होती, लातूरकडची. ती रडकुंडीला आली. "सरांचा फोनच लागेना ओ. मी एकटीनं काय करू?"

मी तरातरा कँटीनमध्ये गेलो. "मिलिंदराव, गाडी उभी हाय, लेबलं निघत न्हाईत. उठा."

"बसा दत्ताभाऊ. चहा सांगू?"

"चहा कसला सांगताय राव! तिकडं मालावाचून गिऱ्हाइकाची लाइन थांबली तर माझी मान जाईल."

"मी आज नाही."

"समोर दिसताय की!"

"दिसतोय. पण नाही. श्वेता आहे. तिला विचारा, आणि तिच्यावर ओरडू नका."

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. पाय आपटत परत आलो. मी आणि श्वेता धडपडत राहिलो, आणि सव्वा तासाने लेबलं निघाली. गाडी उशिरा गेली. मला बोलणी बसली, त्यांना त्याहून जास्त. प्लँट हेडनी विचारलं म्हणे, पगार कँटीनमध्ये बसायचा घेता का? त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रिंटरशेजारी भिंतीवर प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद आला. लेबलं थांबल्यावर काय करायचं, एकेक पायरी, साध्या मराठीत. पहिली पायरी अशी होती: 'दत्ताभाऊंना ओरडू द्या. ते थांबले की पुढचं वाचा.' दर तीन महिन्यांनी ते असे एक दिवस 'नसायचे'. काय अडलं ते वहीत लिहून घ्यायचे आणि त्यावर नवा कागद लागायचा. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही. स्वतःचं काम आमच्या गळ्यात घालतायत, असं मी चारचौघांत म्हणायचो.

अशाच एका 'नसण्याच्या' दिवशी काही अडलंच नाही. मी उगाच कँटीनमध्ये गेलो. म्हटलं, "आता तरी सांगा, हे खूळ कुठून घेतलं?" चहा ढवळत ते म्हणाले, "वडील, आमचे दादा, पिंपरीच्या हॉस्पिटलात होते. मी उशाशी होतो. कंपनीतून फोन आला, लेबलं थांबली म्हणून. मी सांगत होतो, हे दाबा, ते दाबा. तेवढ्यात दादा काहीतरी म्हणाले. मी हातानेच थांबा म्हटलं… फोन संपेपर्यंत त्यांना झोप लागली होती. त्यानंतर त्यांची वाचाच गेली. काय म्हणायचं होतं, ते राहिलं."

मी विचारलं, "कुणाचा फोन होता?"

"आठवत नाही," ते म्हणाले.

कुठला प्रिंटर कधी कशाने अडला, हे तारखेनिशी सांगणारा माणूस. लेबलांसाठी त्यांना फोन करणारा आख्ख्या कंपनीत मी एकटा. मी खाली मान घालून बसलो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि विषय बदलला. इतका मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक कागद पाठ करायला लागलो, एवढंच.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मिलिंदरावांना आदरांजली वाहून माणसं पांगली. मी पिंपळे गुरवच्या त्यांच्या घरात, त्यांच्या पत्नी सुजातावहिनींपाशी थांबलो. त्याच म्हणाल्या, "एक बरं झालं, भाऊ. त्या दिवशी सकाळी एकही फोन आला नाही. सातला चहा घेऊन गॅलरीत बसलो दोघं. चांगले अर्धा तास बसलो. असं कधी बसायला मिळायचं नाही आम्हाला…"

मला हुंदका आवरेना. त्या दिवशी सात वाजता लेबलं थांबली होती. ट्रक लागलेला, श्वेता अजून बसमध्ये. मी मोबाइल काढला होता, त्यांचं नाव पडद्यावर आणलं होतं. मग हे आत्ता घरी असतील असं मनात आलं आणि फोन परत खिशात टाकला. भिंतीवरचा कागद वाचत एकेक पायरी केली, आणि गाडी वेळेवर गेली.

"काय झालं, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही सांगा. काय काय म्हणाले ते, चहा घेताना?"

आणि वहिनी सांगायला लागल्या.