अखंड नळी

हाड बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, तर सुरुवात खाटकाच्या ओट्यापासून करावी लागते. मी महाविद्यालयात शिकवते. बोकडाच्या मज्जेतल्या मूलपेशींवर माझे काम चालू होते. मांडीचे हाड अखंड असले, की आतली मज्जा झाकणबंद बरणीतल्यासारखी निर्जंतुक राहते. बाहेर रक्त लागो की माती, स्पिरिटने पुसता येते. तडा गेला, की संपले.

सिरसाळ्याच्या बाजारातल्या खाटकाची रीत मात्र उलटी. नळी, म्हणजे हे मज्जेचे हाड, गिऱ्हाइकादेखत फोडूनच द्यायची, म्हणजे ती भरलेली आहे हे दिसते. पहिल्या खेपेस त्याने माझीही आपुलकीने फोडून दिली. मज्जेत जंतू शिरले, पेशी वाढवायच्या बाटलीतला द्रव गढुळला आणि सगळ्या पेशी मेल्या. आता पुन्हा फसले, तर पेशी वाढवण्याची उबदार पेटी दुसऱ्या विभागाकडे जाणार होती.

त्या सकाळी खाटकाने, नळी अखंड का हवी हे आधी ऐकून घेऊन, माझ्यासमोर बोकड कापला. सुरी एकदाच फिरली. पाय झाडत असतानाच रक्त फेसाळत परातीत उतरले. त्याने मांडी सोलून ओट्यावर ठेवली, मी बर्फाचा डबा उघडला, तेवढ्यात एक धिप्पाड बागायतदार गर्दी सारत पुढे आला.

"ही मांडी दे बे. आन् नळी फोड."

"ती बाईंची हाय, मालक. दुसरी देतो."

"बाई काय नळी चोखणार हाय का? घरी पाव्हणे बसलेत माझे!"

"खायला न्हाई हो. तिच्यातून हाड उगवणार हाय."

"मग जीभबी उगवून घे. ही आता तोडतो, लई चालायली!"

त्याने ओट्यावरचा सत्तूर उचलला आणि नळीवर हाणला. खाटकाने मध्ये हात घातला. रागाच्या भरात सत्तूर उलटा धरला गेला होता, म्हणून हात तुटला नाही. बोथट कड मनगटाच्या वर बसली, कातडी फाटून रक्त आले आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. खाटकाने डाव्या हाताने तराजूतले वजन उचलून त्याच्या तोंडावर मारले. ओठ फाटला, दात मांसात पडला. लोकांनी दोघांना ओढून वेगळे केले.

"न्या, बाई," खाटीक कण्हत म्हणाला. "कावून उभ्या राहिल्या?"

प्रयोगशाळेत मी त्या हाडावरून बोकडाचे आणि दोन माणसांचे रक्त पुसले, टोके कापली, मज्जा धुऊन काढली. द्रव स्वच्छ राहिला. पेशी बशीच्या तळाला चिकटल्या, वाढल्या. काही आठवड्यांनी मी बशीत घातलेला तांबडा रंग त्यांनी साठवलेल्या चुन्यावर चढला. हाड बनू लागल्याची ती खूण.

त्याचे छायाचित्र घेऊन मी दुकानात गेले. खाटकाचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये होता. डाव्याने कापलेले तुकडे वेडेवाकडे पडत होते.

"एवढंच?" त्याने विचारले.

मी समजावून सांगितले, की प्लास्टरच्या आत अशाच पेशी त्याचे हाड सांधत आहेत.

त्याने हाताकडे रोखून पाहिले.

"मंग तुमीच सांगा त्यांना, जरा हात चालवा म्हणावं. ईद जवळ आलीया."